अल्ट्रासॉनिकवर टॉवेल वाळवताना फेल्ट तापतं आणि टॉवेल ओलाच राहतो – कुठलं फेल्ट घ्यावं?

टॉवेल_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. टेरी टॉवेल करतो, बहुतेक माल हॉस्पिटल आणि लॉजचा. वडिलांनी सहा मागांवर सुरू केलं, आता धुलाई आणि फिनिशिंगही आमच्याकडेच होतं.

अडचण वाळवण्याची आहे. उन्हाळ्यात गच्चीवर दोऱ्या बांधल्या की दीड तासात टॉवेल कडक होतो, जळणाचा पैसा लागत नाही. पण सप्टेंबरात पाऊस धरला की सगळा माल टंबलरवर, म्हणजे गरम हवेच्या फिरत्या ड्रमवर, येतो आणि लाकडाचं बिल बघवत नाही. गेल्या वर्षी नेमक्या त्याच महिन्यात मोठी ऑर्डर होती. बायको आणि मी रात्री दोनपर्यंत टंबलरपाशी उभे होतो, तरी १२ गठ्ठे दमट गेले आणि वास येतो म्हणून परत आले. तेव्हापासून डोक्यात आहे की वाफ न करता पाणी काढता आलं पाहिजे.

अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेत अल्ट्रासॉनिक कंपनांनी कपड्यातलं पाणी तुषार करून उडवणारा ड्रायर बनवला, हे वाचलं होतं. व्हिडिओत चिंधी ठेवतात, धूर निघाल्यासारखं होतं आणि चिंधी कोरडी. म्हणून हाताने एक नमुना केला.

तीन मिमीची स्टेनलेस प्लेट घेतली. तिच्याखाली ४० किलोहर्ट्झचे, प्रत्येकी ६० वॅटचे आठ ट्रान्सड्यूसर (विजेची कंपनं करणारे तुकडे) इपॉक्सीने चिकटवले. भांडी-पार्ट धुवायच्या अल्ट्रासॉनिक टाकीला असतात तेच. टॉवेल प्लेटवरून घासत नेला तर त्याच्या अंगावरचे धाग्यांचे लूप खराब होतील, म्हणून वर सहा मिमी जाडीचं पांढरं सिंथेटिक फेल्ट (तंतू दाबून केलेलं जाड कापड) पट्ट्यासारखं फिरवलं. टॉवेल फेल्टवर, फेल्ट प्लेटवर, वरून दाब द्यायला पाच किलोचं वजन.

मोजमाप मेहुण्याच्या सराफी काट्यावर केलं. १० बाय १० सेंमीचा तुकडा, कोरडा ४.५ ग्रॅम, हायड्रो मारल्यावर (गरगर फिरवून पाणी काढणाऱ्या मशीनमधून काढल्यावर) ७.२. चाळीस सेकंद चालवल्यावर ७.१. म्हणजे काहीच नाही. उलट फेल्ट उचलायला गेलो तर चटका बसला. उलटं करून पाहिलं तर खालच्या बाजूला आठ गोल डाग, रुपयाच्या नाण्याएवढे, चकचकीत, नखाने वाजवले तर टक टक वाजतात. बरोबर ट्रान्सड्यूसरच्या डोक्यावर. तिसऱ्या दिवशी एक ट्रान्सड्यूसर ‘टिक’ करून बंद पडला.

ज्यांच्याकडून ट्रान्सड्यूसर घेतले ते म्हणतात फेल्ट पातळ करा. फेल्टवाले म्हणतात जास्त जीएसएमचं (चौरस मीटरला जास्त वजनाचं) घ्या. माझा प्रश्न एवढाच: या कामाला कुठलं फेल्ट लागतं? जाडी किती, लोकरीचं की सिंथेटिक? कुणी केलं असेल तर कृपया सांगा, यात माझे ८० हजार आणि चार महिने गेलेत.

वेल्डिंग_भोसरी

दादा, तुमचे ते आठ डाग वाचून मी चहा बाजूला ठेवला. ते डाग मी रोज पाडतो, आणि त्याचेच पैसे घेतो.

मी भोसरीत अल्ट्रासॉनिक वेल्डिंगची मशीनं दुरुस्त करतो. करोनात मास्क कसे जोडत होते आठवतंय? दोरा नाही, गोंद नाही. नॉनवोव्हन (न विणलेल्या) कापडावर २० किलोहर्ट्झचा हॉर्न, म्हणजे कंपणारा धातूचा ठोकळा, दाबला की धागे एकमेकांवर घासून तापतात आणि जागेवर वितळून एक होतात. तुम्ही नेमकं तेच केलंय. खालून कंपन, वरून पाच किलोचा दाब, मध्ये सिंथेटिक फेल्ट. तुमचं मशीन टॉवेल वाळवत नव्हतं, फेल्ट वेल्ड करत होतं.

फेल्ट कशाचं आहे ते घरी बघता येतं. चिमूटभर तंतू उपटा, पाण्याच्या ग्लासात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि तंतू बोटाने बुडवून सोडा. वर आले तर पॉलीप्रॉपिलीन, तळाला गेले तर पॉलिस्टर. पॉलीप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं, पॉलिस्टर अडीचशेच्या वर. माझी पैज पॉलीप्रॉपिलीनवर.

ट्रान्सड्यूसर का गेला तेही सांगतो. टाकीचे ट्रान्सड्यूसर पाण्याचं ओझं अंगावर घेऊन चालण्यासाठी बनवलेले असतात. टाकी कोरडी असताना मशीन चालू करू नका असं त्या मशीनवर लिहिलेलंच असतं. तुमच्या प्लेटवर पाणी नाही, नुसतं फेल्ट. त्यात सिरॅमिक तापतं, इपॉक्सी सुटतो आणि मग टिक. उरलेले सातही हाताला गरम लागत असतील तर आज बंद ठेवा.

आणखी एक, हे मनापासून सांगतोय. कानाला मफ लावल्याशिवाय यापाशी उभे राहू नका. २० किलोहर्ट्झ ऐकू येत नाही म्हणून लोक गाफील राहतात, पण मशीनमधून त्याच्या निम्म्या पट्टीचा कर्कश आवाजही निघतो. माझ्याकडच्या पोराला महिनाभर डोकेदुखी होती, कारण कळत नव्हतं. फेल्टचा खरा उपयोग मी तिथे करतो. मशीनभोवती पेटी आणि पेटीला आतून १० मिमी फेल्ट. एवढ्या उंच पट्टीचा आवाज जाड फेल्ट मस्त गिळतं. तुमच्या पेटीत तुषार उडणार असतील तर मात्र ते कोरड्या बाजूलाच लावा, नाहीतर बुरशी धरेल.

ध्वनी_शिकवते

वेल्डिंगवाल्या दादांनी ‘गिळतं’ हा शब्द अगदी बरोबर वापरला. पेटीत जे हवंय तेच पट्ट्यात नकोय.

मी पदवीच्या मुलांना ध्वनिशास्त्र शिकवते. फेल्ट म्हणजे तंतू थोडे आणि हवा फार. प्रत्येक माध्यमाचा ध्वनीला जो अडथळा असतो, तो पाण्याचा हवेच्या साधारण ३,६०० पट आहे, आणि या तफावतीमुळेच ध्वनी परत फिरतो. हवेतून पाण्यावर आदळलेल्या ध्वनीची जेमतेम हजारावा भाग ऊर्जा आत शिरते, बाकीची परत फिरते. तुमच्या कंपनाला प्लेटमधून टॉवेलातल्या पाण्यापर्यंत जायचंय आणि वाटेत सहा मिमी हवेच्या खिशांचं जंगल आहे. प्रत्येक खिशाशी थोडं परत फिरतं, थोडं तंतूंच्या घर्षणात उष्णता होऊन जातं. फेल्ट भिजवलं तरी आत बुडबुडे राहतातच. जाडी सहाची तीन केलीत तरी फार फरक पडणार नाही. पाणी आणि कंपणारा पृष्ठभाग यांची थेट गाठ पडली पाहिजे. ओक रिजच्या यंत्रातही कापड थेट कंपकावर टेकतं.

दुसरं, थेंबांचा आकार. कंपनामुळे पाण्यावर बारीक लाटा उठतात आणि त्यांच्या शिखरांवरून थेंब सुटतात. १९६२ साली रॉबर्ट लँग यांनी दिलेल्या सूत्रावरून ४० किलोहर्ट्झला थेंब साधारण ३५ मायक्रॉनचा येतो, २० ला ५५-६० चा. घरच्या ह्युमिडिफायरमध्ये १.७ मेगाहर्ट्झ असतात, तिथे ३ मायक्रॉन. ३५ मायक्रॉनचा थेंब धुरासारखा तरंगत राहत नाही, सेकंदाला तीन-चार सेंटीमीटरने खाली येतो, म्हणजे पुन्हा तुमच्याच टॉवेलवर. तो पडायच्या आत हवेने ओढून घ्यावा लागेल.

आणि सगळं पाणी असं उडणार नाही. धाग्यांच्या मध्ये अडकलेलं सुटतं. कापसाच्या तंतूच्या आत मुरलेलं असतं ते सुटत नाही, शेवटी थोडी उष्णता लागतेच. पण प्रयत्न सोडू नका. एक किलो पाण्याची वाफ करायला सुमारे ०.६३ युनिट ऊर्जा लागते. त्यातलं जेवढं पाणी पाणी म्हणूनच बाहेर काढाल, तेवढी ती वाचली.

निवृत्त_फिटर

कागद कारखान्यात ३१ वर्षं प्रेस सेक्शनला काढली. फेल्ट बदलणं, ताणणं, धुणं यातच केस पांढरे झाले. अल्ट्रासॉनिक मला कळत नाही, पण फेल्टबद्दल कुणी विचारलं की राहवत नाही.

‘कुठलं फेल्ट घ्यावं’ हा प्रश्न नंतरचा. आधी ‘फेल्टने काय करायचं’ ते ठरवा. तुम्ही त्याला हमाल केलंत, टॉवेल पाठीवर घेऊन चाल म्हणालात. फेल्टचं खरं काम पाणी पिण्याचं. आपल्याकडचा बुरणूस म्हणजे दुसरं काय, दाबून घट्ट केलेली लोकरच. ओल्या जमिनीवर अंथरला की अर्ध्या तासात खालून जड लागतो.

आमच्याकडे कागदाचा ओला पापुद्रा प्रेसमध्ये शिरायचा तेव्हा त्यात शंभर भागांत वीस भाग माल आणि ऐंशी भाग पाणी. फेल्टबरोबर दोन रोलांमधून गेला की चाळीस-पंचेचाळीस भाग माल. पुढे राहिलेलं पाणी वाफेच्या सिलिंडरवर काढायचं आणि कारखान्याचा खरा खर्च तिथे. प्रेसला एक टक्का जास्त पाणी निघालं तर बॉयलरवाले चहा पाजायचे.

त्यात एक गोष्ट नवीन पोरांना दाखवावी लागायची. दाबातून बाहेर पडल्यावर कागद आणि फेल्ट थोडा वेळ जरी चिकटून चालले, तर फेल्ट प्यायलेलं पाणी कागद परत ओढून घेतो. डोळ्यांना दिसत नाही. मी पोराला रोलच्या तोंडाशी नेऊन म्हणायचो, बघ, इथे हातभर एकत्र चालताहेत, तो गाइड रोल वर घे. रोल वर घेतला की तासाभरात वाफेचा काटा खाली यायचा.

दुसरी गोष्ट, प्यायलेलं फेल्ट रिकामं केलं पाहिजे. आमच्याकडे परतीच्या वाटेवर सक्शन बॉक्स असायचा, खाचेवरून फेल्ट सरकलं की पाणी ओढून घ्यायचा. तो बंद असेल तर पाच मिनिटांत फेल्ट तुडुंब, आणि मग ते पिणार कसलं.

म्हणून माझं ऐका. पाच-सहा मिमीचं लोकरीचं दाट फेल्ट आणा. कुणाकडे कपडे पिळायचा जुना रबरी रोलांचा चरक असेल तर आणा. टॉवेलचा तुकडा फेल्टवर ठेवून दोन्ही रोलांतून काढा, बाहेर आल्याबरोबर वेगळे करा आणि वजन करा. अल्ट्रासॉनिकचं जे काय कराल ते एकदा बटण चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. तुमच्या ७.१ मधला तो ०.१ ग्रॅम कंपनाने गेला की नुसत्या फेल्टने प्यायला, हे तुम्हाला आज माहीत नाही.

टॉवेलच्या बाबतीत एक धोका आहे. दाबाने लूप बसतील. ते उठवायला शेवटी टंबलर लागेलच, पण थोडाच वेळ.

वेल्डिंग_भोसरी

काकांचं बरोबर आहे, बंद बटणाची चाचणी आधी करा. आणि दादा, एवढा खर्च केलाच आहे तर एक दिवस भोसरीला या. माझ्याकडे २० किलोहर्ट्झचा टायटॅनियमचा लांब हॉर्न दुरुस्तीला आलेला आहे, मालकाला विचारून ठेवतो. तुकडे सोबत आणा, काटा विसरू नका.

टॉवेल_अक्कलकोटरोड

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितोय, कारण सगळं करून बघूनच लिहायचं ठरवलं होतं.

आधी ग्लासची चाचणी. तंतू बुडवले, सोडले आणि सगळे वर आले. पॉलीप्रॉपिलीन. मुलीने तीनदा बुडवून पाहिले.

मग काकांची चाचणी, प्रत्येक वेळी ७.२ ग्रॅमचा तुकडा. जुन्या रचनेत बटण बंद ठेवून चाळीस सेकंद: ७.१. म्हणजे चार महिने जो ०.१ ग्रॅम मी अल्ट्रासॉनिकच्या नावावर मांडत होतो, तो नुसतं टेकल्याने जात होता. हा आकडा वहीत लिहिताना फार जड गेलं.

फेल्ट काढून तुकडा थेट प्लेटवर, उरलेल्या सात ट्रान्सड्यूसरवर, थोडा थोडा वेळ चालवून: ६.९. कडेला तुषार दिसले, पण ताई म्हणाल्या तसेच परत खाली बसत होते. टेबल फॅन आडवा लावल्यावर ६.८.

चरक शेजारच्या आजींकडे मिळाला, माळ्यावर पडलेला होता. नुसत्या चरकातून: ७.१. हायड्रो झालेला माल असल्याने हे अपेक्षित होतं. लोकरीच्या फेल्टसकट, बाहेर आल्याबरोबर वेगळा करून: ६.५. तेच दोन सेकंद उशिरा वेगळा केला तर ६.६. काका, ते दोन सेकंद मी पाच वेळा करून पाहिले. दर वेळी फरक येतो.

मग भोसरीला गेलो. दादांनी अर्धा दिवस दिला, वर जेवायलाही घातलं. हॉर्नच्या धारेवरून ओला तुकडा हलकेच ओढला आणि वरच्या बाजूने पांढरा फवारा उठला. त्या क्षणी चार महिन्यांचा शीण गेला. एका ओढीत ७.२ चा ६.३, तीन ओढींत ५.७. जोरात दाबला की फवारा बंद, हॉर्नच गुदमरल्यासारखा. म्हणून दादांनी टॉवेलच्या मागे फेल्ट गुंडाळलेला रोल हातात धरला. लाकडी रोलने दाब कधी जास्त कधी कमी पडत होता, फेल्टच्या रोलने एकसारखा टेकला. हॉर्न, मग टॉवेल, मग फेल्ट. फेल्टची जागा पाठीमागे होती, मी ते पोटाशी धरून बसलो होतो.

एक नवीन अडचण कळली ती इथे लिहितो, कुणाच्या तरी कामी येईल. पूर्ण टॉवेल ओढून पाहिला तेव्हा काठाची शिलाई उसवली. कापसाला काही झालं नाही, पण शिलाईचा दोरा पॉलिस्टरचा होता, तो हॉर्नवर वितळला. करायचं झालं तर शिलाईच्या आधी, ताग्यावरच करावं लागेल.

तशा हॉर्नची आणि जनरेटरची किंमत आज मला झेपणारी नाही. या सप्टेंबरला हायड्रोनंतर फेल्टचा चरक बसवतोय, मोठ्या रुंदीचा, लेथवर रोल करायला दिलेत. तुकड्यावरच्या हिशोबाने २.७ ग्रॅम पाण्यातलं ०.७ टंबलरच्या आधीच जातं, म्हणजे चौथ्या हिश्शाहून जास्त. पूर्ण टॉवेलवर किती टिकतं ते बघायचंय. लूप बसतात हे खरं, वीस टॉवेल करून पाहिले. टंबलरमध्ये दहा मिनिटांत उठतात.

काका, एक विचारायचं राहिलं. आमच्याकडे ब्लीचिंगनंतर धुऊनही टॉवेलात कधी कधी कॉस्टिकचा (तीव्र अल्कलीचा) अंश राहतो. फेल्टला ते चालेल का? आणि फेल्ट धुवायचं कशाने?

निवृत्त_फिटर

लोकरीला कॉस्टिक अजिबात चालत नाही. थोडा थोडा अंश रोज बसत गेला तर महिन्यात फेल्ट चिकट होऊन तंतू गळायला लागतील आणि ते तुमच्या पांढऱ्या टॉवेलला चिकटतील. लाल लिटमसचे कागद आणा, हायड्रोतून निघणाऱ्या पाण्यात रोज सकाळी एक बुडवा. निळा झाला तर त्या दिवशी आणखी एक धुणं द्या, त्यात शेवटी थोडं असेटिक ॲसिड घाला.

कॉस्टिक हटतच नसेल तर आमच्या प्रेसला असतं तसं नायलॉनचं सुईफेल्ट (सुयांनी तंतू गुंतवून केलेलं) घ्या, ते अल्कलीला बरंच तगतं. धुवायला साधं कोमट पाणी आणि सौम्य साबण, ब्रशने घासायचं नाही. आडव्या नळीला बारीक भोकं पाडून जोराच्या फवाऱ्याने, पूर्ण रुंदीवर सारखं. एकाच जागी फवारा धरलात तर तिथे पट्टा पडेल.

रोल लेथवरून आले की फेल्ट चढवायच्या आधी मला कळवा. फेल्टवर रंगीत आडवी रेघ मारून घ्यायची असते. चालताना ती रेघ वाकडी झाली की समजायचं, एका बाजूचा रोल जास्त दाबतोय.